चित्रांची सुसंगती आणि कलास्वातंत्र्याचा खोटा कैवार

विद्यापीठाच्या प्रवेशपुस्तिका, अहवाल, भित्तिपत्रके, संकेतस्थळ आणि पाठ्यसाहित्य यांतील चित्रे एका निश्चित धोरणाने काढली व वापरली जावीत, अशी सूचना पुढे आली की तिला होणारा विरोध बहुधा प्रशासनातून येत नाही. तो कलाशिक्षकांकडून आणि मानव्यविद्यांच्या अध्यापकांकडून येतो, आणि म्हणूनच तो गांभीर्याने घ्यावा लागतो. बोधचिन्ह, अक्षरवळण, रंग, पृष्ठरचना, छायाचित्रे आणि चित्रे यांच्या मेळातून संस्थेचे जे रूप लोकांच्या नजरेत ठरते त्याला दृश्य ओळख म्हणतात. ती साबण आणि शीतपेये विकणाऱ्यांची गरज आहे, विद्येच्या क्षेत्राला तिच्याशी कर्तव्य नाही, असे या विरोधकांचे पहिले म्हणणे असते. विद्यापीठ ही अनेक शाखांची, अनेक मतांची आणि अनेक हातांची जागा असल्यामुळे तेथे चित्रांना एक साचा लावणे हे विद्यापीठाच्या स्वभावाविरुद्ध आहे, हे दुसरे. आणि चित्रकाराच्या हाती नियमांची पुस्तिका दिली की त्याचे चित्र मरते, हे तिसरे. या तिन्ही म्हणण्यांत थोडेफार तथ्य आहे, परंतु त्यांतून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे. चित्रांतील सुसंगती ही विक्रीची क्लृप्ती नसून संपादनाची जबाबदारी आहे, आणि जे विद्यापीठ आपल्या नावाने छापल्या जाणाऱ्या मजकुराला उत्तरदायी असते त्याला त्या मजकुराशेजारच्या चित्राचे उत्तरदायित्व झटकता येत नाही.

धोरण नसलेल्या विद्यापीठात प्रत्यक्षात काय घडते, ते आधी पाहणे इष्ट ठरेल. प्रत्येक विभाग आपापला चित्रकार शोधतो आणि त्यातून शैलींचे वैविध्य फुलते, असे विरोधक गृहीत धरतात. वस्तुस्थिती अशी की चित्रकार शोधलाच जात नाही. परिषदेचे पत्रक छपाईला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी विभागातला एखादा संशोधक विद्यार्थी किंवा बाहेरचा डीटीपी करणारा इंटरनेटवरच्या चित्रसाठ्यातून, म्हणजे कोणीही कोणत्याही कामासाठी उचलावीत म्हणून आगाऊ काढून ठेवलेल्या विकतच्या किंवा फुकटच्या चित्रांच्या भांडारातून, हाताला लागेल ते चित्र घेतो. त्यामुळे भौतिकशास्त्राच्या पत्रकावर विजेचा दिवा, व्यवस्थापनशास्त्राच्या पत्रकावर दातेरी चाके, शिक्षणशास्त्राच्या पत्रकावर पुस्तकातून उगवलेले झाड आणि या सर्वांवर पदवीची काळी चौकोनी टोपी, असा संसार थाटला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीदान समारंभात हातमागाच्या कापडाचा पोशाख वापरण्याची सूचना केली, काही विद्यापीठांनी झगा आणि टोपी सोडून भारतीय वेश स्वीकारला, तरी पत्रकावरची टोपी जागची हललेली नाही, कारण विद्यापीठाने टाकून दिलेली वस्तू चित्रसाठ्याने टाकलेली नसते. नॅकची, म्हणजे विद्यापीठांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, समिती येण्याच्या आधी रंगवल्या जाणाऱ्या भिंतींवरही बहुतेक हाच ऐवज मोठ्या आकारात उतरतो.

या उसनवारीचे अलीकडचे रूप अधिक गुळगुळीत आहे. २०१७ च्या सुमारास बक या अमेरिकी स्टुडिओने फेसबुक कंपनीसाठी ‘अलेग्रिया’ नावाची चित्रपद्धती तयार केली, जिच्यातील माणसांचे हातपाय लांबलचक, डोके लहान, रंग सपाट आणि त्वचा कित्येकदा जांभळी किंवा निळी असते. कोणत्याही वंशाचा, देशाचा वा वर्गाचा माणूस रेखाटल्याचा ठपका येऊ नये अशी ही सोय होती, आणि तिच्या नकला बँका, विमा कंपन्या, भाड्याच्या गाड्यांची ॲप्स अशा वाटेने विद्यापीठांच्या प्रवेशपृष्ठांपर्यंत पोहोचल्या. टीकाकारांनी या साऱ्या प्रकाराला ‘कॉर्पोरेट मेम्फिस’ असे उपहासाचे नाव दिले. मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावाहून आलेल्या, घरात पदवीपर्यंत पोहोचलेल्या पहिल्याच मुलीने त्या जांभळ्या देहात स्वतःला कोठे शोधावे, हा प्रश्न धोरण नसलेल्या विद्यापीठात कोणी विचारत नाही, कारण विचारण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नसते. तेव्हा विरोधक ज्या स्वातंत्र्याचे रक्षण करू पाहतात ते तेथे मुळात नांदतच नाही. नांदते ती दूरच्या एका व्यापारी कंपनीच्या गरजेतून निघालेली शैली, आणि तिची निवडसुद्धा कोणी जाणीवपूर्वक केलेली नसते. बाजाराला विरोध म्हणून धोरण नाकारणाऱ्यांच्या दारात बाजारच चित्रे पुरवत उभा असतो, ही यातली विसंगती त्यांच्या लक्षात कशी येत नाही हे कळणे कठीण आहे.

चित्राची अशी पुनरुक्ती विद्येच्या जगात एके काळी मोठे लांछन मानली गेली होती. जर्मनीतील येना विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांच्या १८६८ साली प्रसिद्ध झालेल्या सृष्टीच्या इतिहासावरील ग्रंथात कुत्रा, कोंबडी आणि कासव यांच्या आरंभीच्या अवस्थेतील गर्भांची तीन चित्रे शेजारी शेजारी छापलेली होती, आणि त्यांतील साम्य पाहून वाचकाने या प्राण्यांचे नाते ओळखावे अशी अपेक्षा होती. बाझेलचे प्राध्यापक लुडविग रुटिमायर यांनी दाखवून दिले की तिन्ही चित्रे एकाच लाकडी ठशावरून छापलेली आहेत. त्या अवस्थेत गर्भांत फार साम्य असते हे खरेच होते. परंतु जे साम्य सिद्ध करायचे तेच ठसा तीनदा उठवून आधी निर्माण करून ठेवणे हा पुराव्याचा भंग होता, आणि हेकेल यांना पुढील आवृत्तीत ती मांडणी बदलावी लागली. आज एकच विकतचे विद्यार्थिचित्र तीन खंडांतील तीन विद्यापीठांच्या मुखपृष्ठांवर झळकते, प्रत्येक विद्यापीठ ते ‘आमचे विद्यार्थी’ म्हणून छापते आणि कोणालाही त्यात गैर वाटत नाही. प्रवेशपुस्तिका हा शोधनिबंध नव्हे, हे उत्तर पुरेसे नाही. ज्या कागदावर विद्यापीठाचे नाव आणि मुद्रा आहे त्यावरील प्रत्येक विधान, मग ते शब्दांतले असो वा रेषेतले, वाचक विद्यापीठाचे म्हणूनच वाचतो.

आता या विरोधातील खऱ्या अंशाकडे वळावे. दृश्य ओळखीच्या सल्लागारांनी तयार केलेल्या पुष्कळ पुस्तिकांत चित्रांविषयीचे प्रकरण रेषेची जाडी, कोपऱ्यांची गोलाई आणि पाच-सहा मान्य रंग यांपलीकडे जात नाही, आणि सर्व चित्रे एकाच हाताने काढल्यासारखी दिसावीत हे त्यात ध्येय म्हणून सांगितलेले असते. यातून चित्रे एकसारखी होतात, परंतु ती त्या विद्यापीठाची होत नाहीत. तीच जाडी आणि तीच गोलाई शेजारच्या रुग्णालयालाही चालते. चित्रांची सुसंगती शैलीच्या ऐक्यात शोधणे ही सल्लागारांची चूक आहे आणि सुसंगतीची मागणी म्हणजे शैलीच्या ऐक्याचीच मागणी असे समजून तिला विरोध करणे ही अध्यापकांची. दोन्ही पक्ष एकाच गैरसमजाच्या दोन बाजूंना उभे आहेत.

तो गैरसमज दूर करण्यासाठी भारतीय वाचकाला परदेशी जाण्याची गरज नाही. भारतीय संविधानाची मूळ इंग्रजी प्रत प्रेम बिहारी नारायण रायझादा यांनी हाताने लिहिली आणि तिची सजावट शांतिनिकेतनच्या कलाभवनात, म्हणजे विश्वभारती विद्यापीठाच्या कलाविभागात, नंदलाल बोस यांच्या देखरेखीखाली त्यांच्या सहकाऱ्यांनी व विद्यार्थ्यांनी केली. संविधानाच्या २२ भागांपैकी प्रत्येकाच्या आरंभी एक चित्र आहे. पहिल्या भागावर मोहेंजोदडोच्या मुद्रेवरील वशिंडाचा बैल आहे, मूलभूत हक्कांच्या भागावर रामायणातील प्रसंग आहे, निवडणुकांच्या भागावर शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग आहेत, राजभाषेच्या भागावर दांडीयात्रेतले गांधीजी आहेत आणि अखेरीच्या भागांवर हिमालय, वाळवंट व समुद्र आहेत. ही चित्रे एका शैलीची नाहीत, असूच शकत नव्हती. सिंधू मुद्रेचा कोरीव ठसकेबाज बैल, महाबलीपुरमच्या शिल्पाचा आधार घेतलेली रचना आणि विसाव्या शतकातील व्यक्तिचित्र यांना एकाच जाडीच्या रेषेत बसवले असते तर पाच हजार वर्षांचा पट एका फळ्यावरच्या आकृत्यांइतका सपाट झाला असता. प्रत्येक काळाचे चित्र त्या काळाच्या दृश्यभाषेच्या जवळ ठेवले गेले, आणि उद्देशिकेच्या पानाची नक्षी तर ब्योहार राममनोहर सिन्हा यांची, म्हणजे वेगळ्याच हाताची आहे.

तरीही ती प्रत चाळताना कोठेही ठेच लागत नाही. चित्राची जागा ठरलेली आहे, त्याने भागाचा आरंभ उघडायचा, मजकुरात घुसायचे नाही. चौकट आणि चित्र यांचे नाते ठरलेले आहे. या देशाच्या इतिहासाचा व भूगोलाचा क्रम कसा लावायचा याचा विचार एकदाच आणि एकत्रितपणे झालेला आहे. आणि अखेरचा शब्द कोणाचा याविषयी संदिग्धता नाही. भागाचा विषय आणि त्यावरील चित्र यांचा प्रत्येक ठिकाणी जवळचा संबंध लागतोच असे नाही, ही त्या योजनेची मर्यादा अभ्यासकाने नोंदवावी, परंतु योजना होती हे नाकारता येणार नाही. हाताचे वैविध्य आणि निर्णयाचे ऐक्य एकत्र नांदू शकतात याचा याहून प्रतिष्ठित दाखला कोणता असेल?

हे नंदलालांसारख्या प्रतिभावंतामुळे घडले, त्याचा धोरणाशी संबंध नाही, असा प्रत्याक्षेप येथे घेतला जाईल. परंतु प्रतिभेला काम कोण देतो आणि कोणत्या अधिकाराने देतो, हाच तर धोरणाचा विषय आहे. अजिंठ्याची भित्तिचित्रे उतरवून घेण्यासाठी लेडी हेरिंगहॅम यांच्या चमूबरोबर १९०९ च्या सुमारास काम केलेला हा चित्रकार शांतिनिकेतनात आला तो तेथे १९१९ साली कलाभवन स्थापन झाले म्हणून, आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी चित्रकलेला अभ्यासक्रमापुरते न ठेवता संस्थेच्या रोजच्या व्यवहारात, सणांच्या अल्पनांत, नाटकांच्या नेपथ्यात, इमारतींच्या भिंतींवर आणि पुस्तकांच्या पानांवर जागा दिली म्हणून. १९३० साली रवींद्रनाथांची ‘सहज पाठ’ ही बालबोध पुस्तके निघाली तेव्हा त्यांची चित्रे नंदलालांनी लिनोकट पद्धतीने केली. लिनोलियमच्या तुकड्यावर नको तो भाग कोरून काढायचा, उरलेल्या उंचवट्याला शाई लावायची आणि ठसा उठवायचा, अशी लिनोकटची रीत असते. तिच्यात काळे आणि पांढरे एवढेच मिळते आणि ती अक्षरांच्या छपाईशी सहज जुळते. जो चित्रकार भिंतींवर रंगीत चित्रे काढत होता आणि ज्याने पुढे १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी भरघोस रंगांत झपाट्याने फलक रंगवले, त्याने पहिल्यांदाच अक्षर पाहणाऱ्या मुलासाठी अक्षराइतकेच ठळक आणि मोजके चित्र निवडले. साधन कोणते वापरायचे हे चित्राच्या कामावरून ठरले. त्याच परिसरात बिनोदबिहारी मुखर्जी यांनी १९४७ मध्ये हिंदी भवनात मध्ययुगीन संतांचे विस्तीर्ण भित्तिचित्र पूर्ण केले, रामकिंकर बैज यांनी सिमेंट आणि खडीतून संथाळ कुटुंब उभे केले, आणि या तिघांची दृष्टी परस्परांपासून किती भिन्न होती हे कलेच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक असते. तरी शांतिनिकेतनची म्हणून एक दृश्य ओळख आहे, आणि ती बोधचिन्हापेक्षा या चित्रांनी व शिल्पांनीच अधिक घडवली आहे.

आश्रमी वातावरणाचा दाखला आजच्या हजारो विद्यार्थ्यांच्या विद्यापीठाला लागू पडत नाही असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी दुसरा दाखला अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा आहे. तेथे १९५० च्या दशकाच्या आरंभी प्रकाशनांचे एक कार्यालय सुरू झाले, त्यात म्युरिअल कूपर आल्या, १९५५ साली त्यांनी जॅकलिन केसी यांना घेतले, आणि केसी १९७२ पासून १९८९ पर्यंत त्या कार्यालयाच्या प्रमुख होत्या. राल्फ कोबर्न आणि डीटमार विंकलर हे त्यांचे सहकारी. स्विस संकल्पक थेरेसे मोल यांनी तेथे ‘ग्रिड’ची, म्हणजे पानाची उभ्याआडव्या अदृश्य रेषांनी आधी विभागणी करून मजकूर व चित्र त्या घरांत बसवण्याची, पद्धत आणली. हे कार्यालय विद्यापीठाच्या पगारावर चालणारे, व्याख्यानांची, उन्हाळी वर्गांची आणि प्रदर्शनांची पत्रके वेळेवर काढून देणारे होते. आश्रम नव्हता, गुरू नव्हता. त्यांच्या भित्तिपत्रकांत ग्रिड ठरलेली, अक्षरवळणे मोजकी, मजकूर लहान आणि मोकळी जागा भरपूर असे. चित्र मात्र दर वेळी त्या त्या विषयातून नव्याने शोधले जाई, आणि सागरी अभियांत्रिकीसाठी सापडलेली कल्पना संगीताच्या कार्यक्रमाला वापरली जात नसे. केसी, कोबर्न आणि विंकलर यांची पत्रके जाणकाराला वेगवेगळी ओळखू येतात, आणि अजाणत्यालाही ती एकाच संस्थेची असल्याचे लांबून कळते. पत्रकांवर बंधन होते ते पानाचे, कल्पनेवर नव्हते.

याच संस्थेतील मीडिया लॅबने २०११ मध्ये उलटा प्रयोग केला. तीन प्रकाशझोत परस्परांना छेदतात अशा कल्पनेवरून संगणकाने सुमारे ४०,००० चिन्हे निर्माण करायची आणि प्रत्येक व्यक्तीला तिचे स्वतःचे चिन्ह द्यायचे, अशी ती योजना होती. वैविध्याची याहून मोठी हमी देता येणे शक्य नव्हते. २०१४ मध्ये ती बाजूला ठेवून सात गुणिले सात घरांच्या एका ग्रिडवर प्रयोगशाळेचे आणि तिच्या संशोधनगटांचे चिन्ह बसवणारी नवी रचना स्वीकारली गेली. चाळीस हजारांपैकी कोणते आपले, हे लक्षात ठेवण्याचे काम पाहणाऱ्यावर टाकून कोणतीही संस्था फार काळ चालू शकत नाही.

दृश्य ओळख ही बाजाराची गोष्ट असल्याचा आक्षेप तर इतिहासाला धरूनही नाही. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा, जो जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आखला आणि प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून १८७८ मध्ये पुरा झाला, त्यावर पश्चिम भारतातील विविध जातीजमातींच्या माणसांच्या २४ मूर्ती बसवलेल्या आहेत. हे विद्यापीठ कोणाचे आणि कोणासाठी, याविषयीचे ते वसाहतकालीन राज्यकर्त्यांच्या दृष्टीतून केलेले, आणि म्हणून वादग्रस्त, विधान आहे. परंतु ते मूर्तींतून केलेले विचारपूर्वक विधान आहे, आणि ते केले तेव्हा विद्यापीठाला काहीही विकायचे नव्हते. लोक अशा विधानांकडे लक्ष देत नाहीत असेही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१२ मध्ये आपल्या प्रचारसाहित्यासाठी नवे सपाट चिन्ह आणले तेव्हा पन्नास हजारांहून अधिक लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विद्यापीठाला ते मागे घ्यावे लागले. उघडे पुस्तक असलेली जुनी मुद्रा पदवीपत्रांवरून जाणारच नव्हती, ही गोष्ट त्या गदारोळात हरवली. पण ती हरवली याचा दोष कोणते चित्र कोठे आणि का, हे लोकांना आधी न सांगणाऱ्या विद्यापीठाकडेही जातो.

विद्याशाखांच्या वैविध्याचा मुद्दा अधिक वजनदार आहे, म्हणून तो नीट तपासावा. शरीरशास्त्राच्या चित्राला आणि नाट्यमहोत्सवाच्या पत्रकाला एक नियम लागू होऊ शकत नाही हे उघड आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १९११ मध्ये वैद्यकीय चित्रकलेचा स्वतंत्र विभाग मॅक्स ब्रोडेल यांच्या हाती दिला तेव्हा त्यामागे हीच जाण होती की शस्त्रक्रियेचे चित्र काढणाऱ्याला आधी शरीर कळले पाहिजे, आणि छायाचित्रात रक्त व ऊती यांच्या गर्दीत जे दिसत नाही ते त्याला निवडून दाखवता आले पाहिजे. काही चित्रे पुरावा देतात, काही शिकवतात, काही निमंत्रण देतात. परंतु यावरून निघतो तो धोरणाचा तपशील. धोरणाचा अभाव निघत नाही. कोणते चित्र या तिन्हींपैकी कोणते काम करते, त्याची तपासणी कोण करील, पुराव्याच्या चित्रात सजावट किती चालेल आणि निमंत्रणाच्या चित्रात अतिशयोक्ती किती, हे ठरवणे म्हणजेच सुसंगती राखणे. महाराष्ट्रात राज्यस्थापनेनंतर भाषा संचालनालयाने विषयवार परिभाषाकोश काढले, साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नियम केले, आणि त्यांतील एकेका शब्दावर व ऱ्हस्वदीर्घावर कडाक्याचे वाद झाले. परंतु रसायनशास्त्र आणि इतिहास हे भिन्न विषय आहेत म्हणून प्रत्येक प्राध्यापकाने आपापले शुद्धलेखन वापरावे, असा युक्तिवाद त्या वादांतही कोणी गंभीरपणे केल्याचे दिसत नाही. शब्दाला जी शिस्त विद्वत्तेची अट म्हणून लावली जाते तीच चित्राला लावली की ती दडपशाही कशी होते, याचे उत्तर विरोधकांनी द्यायला हवे.

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या संस्थेत तर या प्रश्नाला शोभेचा वासही उरत नाही. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा विद्यार्थी शेतात, कारखान्यात किंवा घरकामात असतो, वर्गात क्वचित येतो, आणि घरी एकट्याने वाचायच्या पुस्तकातून शिकतो. अशा पुस्तकांत बाण हे चिन्ह एका प्रकरणात पाण्याचा प्रवाह दाखवत असेल आणि पुढच्या प्रकरणात कोणतेही स्पष्टीकरण न देता काळाचा क्रम दाखवू लागले, तर शंका विचारायला शेजारी शिक्षक नसतो. तेथे चित्रांची विसंगती ही सरळ अध्यापनातील चूक ठरते, आणि ती होऊ न देण्याची तजवीज लेखन सुरू होण्याआधी करावी लागते.

चित्रांची एवढी उठाठेव करण्यापेक्षा छायाचित्रे वापरावीत, ती तरी खरी असतात, हा पर्याय सुचवणाऱ्यांसाठी एकच उदाहरण पुरे: अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाने २००० साली आपल्या प्रवेशपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर फुटबॉलच्या प्रेक्षकांच्या छायाचित्रात एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा चेहरा संगणकावर चिकटवला, आणि तो विद्यार्थी त्या सामन्याला गेलेलाच नव्हता. चित्र निदान आपण काढलेले असल्याचे लपवत नाही.

एका बाबतीत मात्र धोरणाचे पुरस्कर्तेही गाफील असतात, आणि ती म्हणजे मालकी. ओरेगॉन विद्यापीठाचे खेळांचे प्रतीक असलेले बदक डिस्नेच्या डोनाल्ड डकवर बेतलेले आहे, आणि त्याची परवानगी १९४७ मध्ये वॉल्ट डिस्ने आणि विद्यापीठाचे क्रीडासंचालक लिओ हॅरिस यांच्यात तोंडी ठरली होती. डिस्ने १९६६ मध्ये वारल्यानंतर कंपनीने कागद मागितला तेव्हा विद्यापीठाकडे दाखवायला मुख्यतः दोघांचे एक छायाचित्र होते. लेखी करार १९७३ मध्ये झाला. भारतात हा धोका अधिकच आहे, कारण १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क हस्तांतरित करणाऱ्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. अमुक चित्रमालिका आमची ओळख आहे असे सांगणाऱ्या विद्यापीठाकडे त्या मालिकेचा मुदत स्पष्ट लिहिलेला करार नसेल, तर सहाव्या वर्षी त्या ओळखीवर त्याचा हक्क उरत नाही. त्याच कायद्याचे कलम ५७ चित्रकाराला त्याच्या कृतीची मोडतोड होऊन प्रतिष्ठेला बाध आल्यास दाद मागण्याचा अधिकार देते, आणि हक्क विकल्यानंतरही तो त्याच्याकडे राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांच्या दिल्लीच्या विज्ञान भवनातील शिल्पाबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो मान्य केला. म्हणजे चित्रातले डोके कापून दुसऱ्या पत्रकावर चिकटवणे, रंग उलटे करणे, सही पुसणे हे जे प्रकार धोरणाविना चालतात त्यांपासून चित्रकाराला वाचवायचे असेल तर नियम लिहूनच ठेवावे लागतील. कलास्वातंत्र्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या कलमांचा उल्लेख सहसा केलेला आढळत नाही, ही खेदाची बाब आहे, कारण चित्रकाराच्या हिताचे कायद्यात जे आहे ते येथेच आहे.

धोरण कसे असावे याचा आराखडा यातून पुरेसा स्पष्ट होतो. त्यात रेषेच्या जाडीला दुय्यम स्थान असावे. चित्र कोठे येईल आणि कोठे येणार नाही, या विद्यापीठाचे कोणते विषय, कोणती माणसे, कोणता प्रदेश रेखाटला जाणे आवश्यक आहे, प्रत्येक कामासाठी चित्रकार कसा निवडला जाईल, त्याला मोबदला आणि श्रेय काय मिळेल, आणि संमतीची सही कोणाची, हे त्यात प्रथम यावे. ती सही जनसंपर्क अधिकाऱ्याची असू नये. चित्र जाणणाऱ्या संपादकाची असावी, आणि त्याला कुलगुरूंच्या कार्यालयालाही नकार देता आला पाहिजे. येथे विरोधकांच्या शंकेला खरा आधार आहे, कारण बहुतेक धोरणे चित्रकारांना खोलीत न बोलावता लिहिली जातात. त्यावरचा उपाय कलाशिक्षकांनी खोलीत शिरणे हा आहे. बाहेर उभे राहून खोलीच मोडून टाकण्याची मागणी करणे हा नव्हे. ज्या विद्यापीठात किंवा त्याच्या संलग्न महाविद्यालयांत चित्रकला शिकवली जाते, आणि तरीही प्रवेशपुस्तिकेवरचे चित्र परक्या साठ्यातून उचलले जाते, तेथील कलाशिक्षकांनी सुसंगतीच्या धोरणाला कलेच्या नावाने विरोध करण्यापूर्वी ते चित्र तेथे कसे आले याचा खुलासा आपल्या विद्यापीठाकडे मागावा.